बोटीला लागतं तेवढंच पाणी

खिशात पाचशेच्या दोन आणि हजाराची एक नोट ठेवा. जिथं उतरणार आहात तिथं त्या अजून चालतात. मोबाइल साधाच घ्या; फुकटच्या डेटाला अजून पाच महिने आहेत. आणि एक पथ्य पाळा, पुढं काय होणार ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलंत तरी कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणा.

एप्रिल २०१६ चा पहिला आठवडा. गुढीपाडवा दोन दिवसांवर आलाय. तुम्ही नाशिकला रामकुंडाच्या पायऱ्यांवर उभे आहात आणि कुंडाचा तळ दिसतोय. ओल्या गाळात पोरं नाणी शोधताहेत. काठावर बसलेले एक गुरुजी म्हणतात, उभ्या आयुष्यात असं पाहिलं नाही. पाडव्याच्या स्नानापुरतं टँकरनं पाणी आणायचं चाललंय. सात महिन्यांपूर्वी सिंहस्थाच्या शाहीस्नानाला याच पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात मिरजेहून लातूरला पाण्यानं भरलेली रेल्वेगाडी जाईल आणि दुष्काळामुळं आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायचा आदेश उच्च न्यायालयातून निघेल.

तुम्हाला मात्र ठाऊक आहे की चार महिन्यांत हाच गोदाकाठ पाण्याखाली जाणार आहे. समोर शेंदूर फासलेला दुतोंड्या मारुती कोरड्यात उभा आहे. त्याच्याकडं एकदा नीट बघून घ्या आणि गप्प राहा.

तुम्ही आलात ते बोटीसाठी. नदीच्या कडेनं वर चला, होळकर पूल मागं टाका. गंगापूर रोडला केटीएचएम कॉलेजच्या मागं, गोदावरीला लागून बोट क्लब आहे. होळकर पुलापाशी बंधारा आहे, त्यानं पाणी तुंबतं. त्या तुंबलेल्या पाण्यावर नाशिकचं रोइंग चालतं. शिडाची बोट मनात असेल तर ती कुलाब्याला ठेवून या. इथं वारा असतो, पण पात्र एवढं अरुंद की शीड धरून दोनदा वळलात की काठ लागला. इथं वल्हंच.

इथं तुमचं वय एकोणीस. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. शेडमध्ये तिसऱ्या मांडणीवर पालथी ठेवलेली जुनी सिंगल स्कल या वर्षी तुमच्या वाट्याला आली आहे. सिंगल स्कल म्हणजे एका माणसाची, दोन वल्ह्यांची शर्यतीची बोट. लांबी आठ मीटरच्या वर आणि पाण्याला टेकते तिथं रुंदी जेमतेम फूटभर. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं अशी बोट १४ किलोपेक्षा हलकी चालत नाही. तुमच्या बोटीला ती काळजी नाही; तिला इतक्या वेळा ठिगळं लागली आहेत की ती केव्हाच जाड झाली आहे. आत सरकती सीट, खाली दोन रूळ, पायाशी पट्टीवर ठोकलेले बूट. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले लोखंडी हात म्हणजे रिगर. त्यांच्या टोकाला वल्हं अडकतं. बोटीच्या टोकावर पांढरा रबरी चेंडू, कोणाच्या पाठीत नाक घुसू नये म्हणून. बुडाखाली मागच्या अंगाला तळहाताएवढा फिन, बोट सरळ राहावी म्हणून.

एप्रिलमध्ये वल्हवायचा प्रश्नच नाही. पाणी खाली गेलंय, काठाला गाळ उघडा पडलाय आणि उरलेल्या पाण्यावर पानवेल पसरली आहे. म्हणून हे दिवस दुरुस्तीचे. शेडवरचे काका सांगतात, "फायबरचं काम उन्हाळ्यातच उरकायचं. पावसाळ्यात रेझिन सुकता सुकत नाही, चिकट राहतं." मग बोट दोन घोडींवर उलटी घेतली जाते. तुम्ही वॉटर पेपर ओला करून जुना चरा घासता, कापडानं पुसता, पुन्हा घासता. कडा बोटाला लागेनाशी झाली की फायबरचं कापड कापायचं, रेझिनमध्ये हार्डनर घालायचा आणि हात चालवायचा. नाशिकच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली डब्यातलं रेझिन बघता बघता तापतं आणि दगड होतं. पहिला डबा तुमचा असाच वाया जाईल. काका हसणार नाहीत. महाग असतं ते.

मग बोल्ट. रिगरचे सगळे बोल्ट काढून रॉकेलमध्ये टाकायचे, घासायचे, पुन्हा लावायचे. दहाचा आणि तेराचा पाना इथून पुढं तुमच्या खिशात राहील, परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा. सीटची चाकं काढून त्यात अडकलेले केस आणि वाळू काढायची. रुळांवर बोट फिरवून बघायचं. जिथं खरखरतं तिथं शर्यतीत सीट अडखळते. हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची, म्हणजे आत दमट राहत नाही. सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे मापं. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या खोबणी सीटपासून किती उंच, एकमेकींपासून किती लांब. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरभर फरक मुद्दाम ठेवायचा असतो, कारण वल्हवताना एक हात दुसऱ्यावरून जातो. तो फरक चुकला की बोटं ठेचतात. कुठल्याही कोचच्या भाषणापेक्षा ही मापंच जास्त शिकवतात, असं माझं मत आहे.

मे लागला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वरातीत 'झिंगाट' वाजतंय. 'सैराट' २९ एप्रिलला लागला. त्याच्या काही दिवस आधी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर एक छोटी बातमी आली होती, ती काकांनी कापून शेडच्या पत्र्याला चिकटवली आहे. दक्षिण कोरियात चुंगजूला आशिया-ओशनिया विभागाची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. पुरुषांच्या सिंगल स्कल्समध्ये दुसरा आला दत्तू भोकनळ. रिओच्या ऑलिंपिकला जाणारा भारताचा एकमेव रोअर. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक.

पोरं बातमी दोनदा वाचतात. चांदवड? तिथं बोट कुठं आहे?

कुठंच नाही. ते बघायला आणखी मागं जावं लागेल. पाना खिशात राहू द्या.

२००९ च्या आसपासचा उन्हाळा धरा. मुंबई-आग्रा रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटर ईशान्येला चांदवड. अहिल्याबाईंचा रंगमहाल, रेणुकेचं देऊळ, डोंगराच्या कडेला वसलेलं गाव. त्याच्या पलीकडं तळेगाव रोही. कांद्याचा आणि टँकरचा मुलूख. विहीर खणायचं काम चालू आहे. ते गुत्त्यावर घेतात. वर यारी लावलेली. खाली सुरुंगानं फोडलेला कातळ. तुम्ही पहार घेऊन खाली उतरता. दगड हातानं सुटा करायचा, घमेल्यात भरायचा, दोर हलवून वरच्याला इशारा द्यायचा. सावली फक्त सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी सूर्य थेट विहिरीत उतरतो. तासाभरात पाठीचा कणा कुठून कुठवर जातो ते तुम्हाला नेमकं कळतं. बाजूला बबन भोकनळ आणि त्यांचा उंच मुलगा. मुलगा अठरा वर्षांचा. पाण्यात उतरायची त्याला भीती वाटते, हे पुढं तो स्वतःच मुलाखतींत सांगणार आहे. पाणी शोधायला तो रोज कातळ फोडतोय आणि पाणी लागलं तर ते कमरेइतकंच असणार आहे.

२०११ मध्ये वडील गेले. हाडांचा कर्करोग. २०१२ मध्ये मुलगा सैन्यात भरती झाला, पुण्याजवळ खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये.

तुम्हीही तिथं चला. पुण्यात बोटींची सवय जुनी आहे. रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ चा, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाची पोरं १९२८ पासून मुळेवर रेगाटा भरवतात. खडकीत मात्र परेड आणि धावणं. उंचीमुळं तो बास्केटबॉलकडं जातो. तिथं कुदरत अली या प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर पडते. सहा फुटांच्या वर उंची, लांब हात, रुंद पाठ. रोइंगमध्ये जे शिकवून येत नाही ते सगळं या पोराकडं आधीच आहे. उरलंय फक्त पाणी.

ते पाणी दापोडीला आहे. सीएमईत, म्हणजे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, सरळ, लांब, संथ जलमार्ग आहे आणि तिथं सैन्याचं रोइंग केंद्र. २०१३ मधल्या एखाद्या पहाटे तुम्ही काठावर उभे राहा. पाणी दोन हजार मीटर सरळ, कुठं वळण नाही, कुठं निर्माल्य नाही. नवशिक्याला सिंगलमध्ये बसवलं की तो पडतोच. बोट फूटभर रुंद. तोल सांभाळायला तुमच्या हातात फक्त दोन वल्ही असतात आणि घाबरून ती सोडलीत की संपलं. पाण्याला भिणारा माणूस ती सोडणारच. ती सोडायची नाहीत हे हा पोरगा कसं शिकला असेल, ते काठावरून दिसत नाही. दिसतं एवढंच की तो रोज येतो.

इथं माझं एक भांडण आहे, ते सांगूनच पुढं जाऊ. रिओनंतर प्रत्येक वर्तमानपत्रानं लिहिलं की विहिरी खणणारा मुलगा ऑलिंपिकला गेला. खरं आहे. पण त्यात विहिरीचं कौतुक जास्त आणि जलमार्गाचं कमी झालं. चांदवड तालुक्यात त्याच्यासारखी पाठ असलेली शेकडो पोरं त्या वर्षी दगड फोडत होती. त्यांच्या वाट्याला बोट आली नाही, कोच आला नाही आणि बारा महिने एकाच पातळीला उभं राहणारं पाणी तर नाहीच आलं. हाल सोसले म्हणून माणूस वेगानं वल्हवत नाही. पोटभर जेवण, नोकरीची खात्री आणि रोज पहाटे तेच सरळ पाणी मिळालं म्हणून वल्हवतो. सैन्यानं ते दिलं. नाशिकनं पाठ दिली, पाणी पुण्याचं.

परत शेडवर. २०१६ चा जून कोरडाच संपतो. दुरुस्त झालेली बोट मांडणीवर तयार आहे आणि तुम्ही आकाशाकडं बघताय. जुलैत गंगापूर धरणाच्या वरच्या डोंगरात पाऊस धरतो. नदी गढूळ होते, पानवेल एका रात्रीत वाहून जाते आणि आठवडाभर वाटतं, आता सुरू करता येईल. काका तुम्हाला पाण्यावर जाऊ देत नाहीत. "ही नदी आपली नाही. ही धरणाची आहे. वरून सोडलं की दहा मिनिटांत ओढ लागते."

मंगळवार, २ ऑगस्ट. सकाळपासून झोडपतोय. धरणातून विसर्ग वाढवल्याचे फोन येऊ लागतात. नाशिककरांना क्युसेकचा आकडा लागत नाही. पाणी दुतोंड्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, एवढं पुरतं. कमरेचा निरोप आला की काका म्हणतात, "काढा."

मग सगळे धावतात. वल्ही आधी, ती हलकी आणि तरंगून जाणारी. मग बोटी. चौघांनी एक बोट डोक्यावर घ्यायची, एकाच तालात उचलायची, उतारावरच्या चिखलातून वर रस्त्याच्या पातळीला न्यायची. एवढी लांब बोट वळणावर फिरवताना मागचा माणूस भिंतीत अडकतो आणि पुढच्याला ते दिसत नाही. म्हणून कोणीतरी ओरडत राहावं लागतं. तुमच्या बोटीला नवा चरा पडतो, अगदी एप्रिलच्या ठिगळाशेजारी. पाचव्या फेरीला पाणी शेडच्या दारात असतं. घोडी, बादल्या, रॉकेलचा डबा राहून जातात.

संध्याकाळी पुलावर माणसं उभी आहेत. दुतोंड्या मारुती दिसत नाही. नारोशंकराच्या देवळाला पाण्यानं वेढलंय. सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरलं आहे. एप्रिलमध्ये जिथं पोरं नाणी शोधत होती तिथं आता लाकडाचे ओंडके गर्रकन फिरून पुढं जातात. त्याच रात्री कोकणात महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून जातो, दोन एसटी गाड्यांसकट. पहाटे बातमी कळते तेव्हा तुम्ही ओल्या कपड्यांत वल्ही मोजताय आणि कोणी काही बोलत नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट. गावात दुकानदार फावड्यानं चिखल बाहेर काढताहेत. शेडमध्ये गुडघाभर गाळ. ज्याच्या घरी केबल चालू आहे अशा एका सिनियरच्या खोलीत सगळे जमलेत. रिओचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. शहराच्या मधोमध रॉड्रिगो द फ्रेइतास नावाचं खारं तळं, मागं डोंगर, डोंगरावर ख्रिस्ताचा पुतळा. पडद्यावर पाहताच तुमच्या लक्षात येतं की पाण्यावर लाटा आहेत. फूटभर रुंदीच्या बोटीला त्या लाटा नकोशा असतात. सर्बियाची एक जोडी तर उलटून पाण्यात जाते. ऑलिंपिकमध्ये! खोलीतला प्रत्येक जण आपापल्या उलटण्याची आठवण काढून थोडा सुखावतो.

दत्तू आपल्या गटात तिसरा येतो. वेळ ७ मिनिटं २१.६७ सेकंद. उपांत्यपूर्व फेरी नक्की. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळं सगळ्या शर्यती रद्द होतात आणि काका म्हणतात, "बघा, तिकडंही पाणी ऐकत नाही." मंगळवारी उपांत्यपूर्व फेरीत तो ६ मिनिटं ५९.८९ सेकंदांत चौथा येतो. पुढं जायला पहिल्या तिघांत यावं लागत होतं. मग खालच्या गटांतून जात जात शेवटी क गटाची अंतिम शर्यत तो जिंकतो, ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत. एकूण तेरावा. घरी आई गंभीर आजारी असताना. तेरावा म्हटलं की गावाकडं लोकांना काय सांगायचं ते कळत नाही, पण तुम्ही वल्हं धरलेलं आहे. जगात त्या दिवशी एकट्यानं बोट चालवणाऱ्यांत फक्त बारा जण त्याच्या पुढं होते. पहिल्या दोघांत, न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्तिन, वेळेचा फरकच निघाला नाही; दोघांचीही ६ मिनिटं ४१.३४ सेकंद. फोटो बघून सुवर्णपदक ठरवावं लागलं.

त्या वर्षी रिओला नाशिक जिल्ह्याची कविता राऊतही मॅरेथॉन धावली. आणि माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. दुष्काळी गावांची यादी आणि ऑलिंपिकची यादी त्या ऑगस्टमध्ये बरीच जुळली होती.

सप्टेंबर. पाणी ओसरलंय, पण नदीत उतरण्याआधी तिची ओळख नव्यानं करून घ्यावी लागते. पुरानं काठ कापलेत, गोटे सरकलेत. गणेश विसर्जन झालं की आणखी भर. लाकडी पाट, मूर्तींचे सांगाडे, निर्माल्याच्या पिशव्या, नारळ. रोअर पाठमोरा जातो. समोरचं त्याला दिसतच नाही. दर दहा-बारा वल्ह्यांनी मान वळवून बघायचं असतं आणि नेमकं नारळाला ते माहीत नसतं. अर्धवट बुडालेला नारळ वल्ह्याच्या पात्यावर बसला की दांडा उलटून थेट तुमच्या बरगडीत येतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही दोनदा पाण्यात जाता. हे पाणी तोंडात जाऊ द्यायचं नसतं. तरी जातं.

पण बोट चालते. ती चालते तेव्हा काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्या खटाटोपाला अर्थ नाही. गुडघे छातीशी, हात पुढं, पाती मागं पाण्यात टेकतात. मग पाय सरळ होतात. ताकद पायांत असते, हातांत नाही, हे कळायला महिना गेला. सीट रुळावरून मागं सरकते, पाठ उघडते, शेवटी हात पोटाशी येतात. पाती पाण्याबाहेर, मनगट वळवून आडवी. आणि आता काही करायचं नाही. हळूहळू पुढं सरकायचं आणि बोटीला तुमच्याखालून जाऊ द्यायचं. घाई केलीत की बोट थांबते. बुडाखाली पाण्याचा बारीक फुसफुस आवाज येतो, तो सलग आला तर जमलं.

८ नोव्हेंबरच्या रात्री तुमच्या खिशातल्या नोटा मेल्या. तुम्हाला आधीच माहीत होतं, म्हणून दुपारीच तुम्ही त्या मोडून शेडसाठी बोल्ट, रेझिन आणि सीटची नवी चाकं आणलीत. हार्डवेअरवाल्याला सुटे द्यायला जीवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार समित्यांतही रोकड नाही; आधीच पडलेल्या भावात कांदा विकलेला शेतकरी चेक घेऊन उभा. चांदवडची पोरं सांगतात, घरून पैसे यायला वेळ लागेल.

डिसेंबर. हा नाशिकच्या बोटीचा खरा हंगाम. पहाटे पाण्यावर धुकं, द्राक्षाच्या बागांत शेकोट्या, हात वल्ह्याला चिकटतील एवढी थंडी. नदी स्थिर आहे. ना ओढ, ना लाट. अडचण एकच, स्थिर पाण्यावर पानवेल पुन्हा वाढू लागली आहे. महापालिका काढते, ती पुन्हा येते. शहराचं सांडपाणी तिला खत पुरवतं, त्यामुळं तिचं काही अडत नाही.

रविवारी आपसातली शर्यत. पाच बोटी, अंतर ५०० मीटर. दोन हजार मीटर सरळ पाणी इथं मिळायचं नाही. तुम्ही आदल्या संध्याकाळी सगळे बोल्ट पुन्हा पारखलेत, रूळ पुसलेत. सुरुवातीच्या रेषेवर दोन लहान पोरं काठावरून बोटींची शेपटं धरून बसली आहेत. "अटेन्शन. गो!"

पहिलं वल्हं अर्धं, दुसरं अर्धं, तिसरं पाऊण, मग पूर्ण. पहिली शंभर मीटर दम लागत नाही. शरीराला अजून बातमी पोचलेली नसते. पाठमोरं असल्यानं जे मागं पडलेत ते समोर दिसतात, ही या खेळाची मोठी सोय. तुम्हाला दोघं दिसताहेत. म्हणजे दोघं पुढं आहेत आणि त्यांच्याकडं बघायचं नाही. दोनशे मीटरला मांड्यांत आग सुरू होते. तीनशेला बोट जड वाटायला लागते. पाय तेच, तालही तोच, पण बोट प्रत्येक वल्ह्यानंतर थोडी आधी थांबते. तुम्ही जोर वाढवता, वल्हं खोल जातं, तोल डावीकडं झुकतो. चारशेला डावीकडचा पोरगा तुमच्या नजरेतून सरकत बाजूला येतो आणि मग पाठीमागं जातो, म्हणजे पुढं. शिट्टी. चौथे.

काठाला येऊन बोट उलटी करता तेव्हा फिनला पानवेलीचा दोर गुंडाळलेला, हातभर मुळांसकट. तीनशे मीटरपासून तुम्ही तो ओढत होता. जिंकलेला पोरगा म्हणतो, "माझ्या फिनला पण होती." बघता तर खरंच, तुमच्यापेक्षा लांब.

आता एक शेवटची उडी. शुक्रवार, २४ ऑगस्ट २०१८. नाशिकला पावसाळा, नदी पुन्हा गढूळ, बोटी पुन्हा वर. पण आता सगळ्यांच्या मोबाइलवर डेटा आहे आणि शेडमध्ये चार फोन एकदम चालू आहेत, प्रत्येकावर आवाज थोडा पुढं-मागं. इंडोनेशियात पालेम्बांगला आशियाई खेळ. काल दत्तू सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला. अंगात ताप होता. आज चौघांच्या बोटीत, क्वाड्रुपल स्कल्समध्ये, तो बसला आहे. सोबत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग. सगळे सैन्यातले.

चौघांची आठ वल्ही एकदम पाण्यात जातात आणि एकदम बाहेर येतात. ज्याचा फोन सर्वांत पुढं चालला होता तो पोरगा आधी ओरडतो, मग दुसरा, मग तिसरा. ६ मिनिटं १७.१३ सेकंद. सुवर्ण.

काका चष्मा पुसून विचारतात, ही चौघांची बोट किती लांब असते? कोणीतरी म्हणतं, तेरा मीटरच्या आसपास. काका शेडकडं बघतात. इथं मावणार नाही. तुम्ही म्हणता, तिरकी ठेवली तर मावेल, दार काढावं लागेल. पैज लागते शंभर रुपयांची, नव्या जांभळ्या नोटेची. कोणीतरी टेप आणायला पळालंय.